ढोलीचा हिशेब

खारदांड्याच्या मामांची उभी हयात लाकडात गेली. घराणं मासेमारीचं, पण तरुणपणी ते रे रोडच्या लकडी बंदरात एका वखारीत लागले आणि तिथलेच झाले. नाखव्यांना बोटीसाठी साग निवडून देणं हे त्यांचं काम. त्यासाठी थेट बल्लारशाच्या डेपोपर्यंत लिलावाला जायचे. त्यांची भाची पक्ष्यांचा अभ्यास करते. तानसाचं जंगल आणि मेळघाट ही तिची कामाची ठिकाणं, आणि काम मुख्यतः एकाच पक्ष्यावर, रानपिंगळ्यावर. मी दोघांचाही स्नेही. त्यांचा वाद मी वेळोवेळी, तुकड्यातुकड्यांनी ऐकला आहे. तो इथे एकत्र मांडतो, कारण सागाच्या तोडीवर बोलणारे बहुतेक जण एक तर वाघाचा फोटो दाखवतात, नाही तर महसुलाचा आकडा. ही दोघं झाडाबद्दल बोलतात.

मामांची सुरुवात बोटीपासून होते.

“बंदरावर जाऊन बघ, बाय. नवी बोट फायबरची. जुनी लाकडी असली तरी वरून फायबर चढवलेलं. का, तर साग परवडत नाही. उद्या ते फायबर फुटलं की त्याचं काय करणार? कुजत नाही, जाळलं तर धूर विषारी. सागाची फळी फुटली तर चुलीत जाते, नाही तर मातीत जाते. झाड तोडू नका म्हणणाऱ्यांनी हे प्लास्टिक दर्यात आणलं, असं मी म्हणतो.”

“साग महाग झाला तो तोड थांबली म्हणून, की मोठा साग संपला म्हणून? बोटीच्या कण्याला लागतं तसलं लांब, सरळ, जाड लाकूड तुला शेवटचं कधी मिळालं?”

“मिळतं. हुडकावं लागतं.”

“पूर्वी हुडकावं लागायचं?”

मामा यावर लगेच बोलत नाहीत. मग मुंबईच्या गोदीचा विषय काढतात. तो त्यांचा अभिमानाचा विषय आहे आणि असायला हरकत नाही. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली इथे बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. “दोनशे वर्षं होऊन गेली,” मामा म्हणतात. “असं टिकणारं दुसरं काय आहे तुमच्याकडे?”

“त्या गोदीसाठीच तर मलबारचा साग विरळ झाला,” भाची म्हणते. “मग इंग्रज डांगात आले. १८४२ साली तिथल्या भिल्ल राजांकडून त्यांनी जंगल पट्ट्यावर घेतलं, तेही सागासाठीच. डांगाला लागून इकडे नवापूर, पुढे तळोदा, शहादा. मामा, रानपिंगळ्याचं घर नेमकं तेच. तुझ्या लाकडाचा आणि माझ्या पक्ष्याचा पत्ता एकच आहे.”

या पक्ष्याची हकीकत ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवी. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्या काही वर्षांत खानदेशातून थोडे नमुने गोळा झाले, त्यातला शेवटचा १८८४चा. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला आणि तो नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळ दिसला, तोही भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला. हा पिंगळा दिवसा शिकार करतो : सरडे, उंदीर, मोठे किडे. पुढे तो तोरणमाळला सापडला, मेळघाटात बऱ्यापैकी सापडला, आणि २०१४ मध्ये सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी तो तानसा अभयारण्यातून नोंदवला. ज्या तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला येतं, तेच हे तानसा. २०१८ साली त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आली. ही सुधारणा मुख्यतः नव्या जागा सापडल्यामुळे झाली. आजही जगभरात मिळून प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, आणि ते सगळे मध्य भारतातल्या या सागाच्या पट्ट्यात.

सागाच्या पट्ट्यात, हा मुद्दा मामा बरोबर पकडतात.

“म्हणजे तुझा पिंगळा सागातच राहतो. मग साग लावणाऱ्यांवर राग का? वनविकास महामंडळानं साग लावला, वाढवला, विरळणी केली, तोडला, पुन्हा लावला. तोडलेल्या सागाला बुंध्यातून धुमारे फुटतात हे तुला मी सांगायला नको. हे उसासारखं आहे. आणि वाघ बघ. महामंडळ तोडत होतं तेव्हाच वाघ वाढले. २०१४ला महाराष्ट्रात १९०, २०२२ला ४४४. चंद्रपूरला महामंडळाच्या रोपवनात वाघीण पिल्लं घालते.”

“घालते. वाघाला आडोसा, पाणी आणि चितळ-रानडुक्कर मिळालं की तो कापसाच्या शेतातही राहतो. यवतमाळात राहिलाच ना? म्हणून तर वाघावरून जंगल मोजू नये. वाघ ज्याला जंगल म्हणून चालवून घेतो, त्यात पिंगळा उपाशी मरत नाही, पण बेघर होतो. त्याला ढोली लागते. तो स्वतः पोखरत नाही, चोच तशी नाही. सुतारपक्ष्यानं पोखरलेली किंवा फांदी मोडून आत कुजलेली जुनी ढोली लागते. तुझ्या उसात ढोली कुठून येणार? साग साठ-ऐंशी वर्षांत कापायचा हा नियम. झाडाला म्हातारं व्हायलाच मिळत नाही.”

इथे मला भाचीची बाजू पटते, आणि ती पटण्यामागे इतिहास आहे. १९७२ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने शिफारस केली की कमी उत्पन्नाचं मिश्र जंगल काढून तिथे पैसा देणारी रोपवनं लावावीत. १९७४ मध्ये महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झालं, ते याच विचारातून. जंगलाचे मोठे तुकडे सरसकट तोडून तिथे साग लावला गेला. मोह, तेंदू, चार, बेहडा, मोई, रोहन ही झाडं हिशेबात ‘इतर’ ठरली. ज्यांच्या घरी मोहफुलं आणि चारोळी वेचून चार महिने निघायचे, त्यांना हा हिशेब कुणी विचारला नाही. आज ते सागवन पन्नाशीचं झालं आहे. त्यातला साग कापायला आला तर तो कापावा, असं मला वाटतं. तिथे आता दुसरं काही वाचवायचं म्हणून अडवण्यात फार अर्थ नाही. पण जे मिश्र जंगल अजून शिल्लक आहे ते साफ करून त्यावर नवा साग लावणं, याला कुठलंही समर्थन उरलेलं नाही. मामांनाही हे मान्य आहे. “नवीन जंगल तोडून कुणी लावा असं मी म्हणत नाही,” ते म्हणतात. वाद आहे तो त्या मधल्या भागावर : जिथे जंगल नैसर्गिक आहे, सागाचं आहे, वनखात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, पडतात आणि निवडक झाडं तोडली जातात.

मामांचा दुसरा मुद्दा मला जास्त जड वाटतो.

“बाळासाहेब खेरांचं नाव आपण खेरवाडीला दिलं. त्यांनी आणखी काय केलं ते माहीत आहे? मुख्यमंत्री असताना ठेकेदारांना बाजूला काढून जंगल कामगार सहकारी संस्था काढल्या. ठाण्यात, खानदेशात, डांगात. ठेकेदार आदिवासीला फुकट राबवायचा, त्या आदिवासीच्या हातात कुपाचं काम आलं, नफ्यात वाटा आला. तोड बंद म्हणजे त्याची मजुरी बंद. मग तो काय करील? जंगल राखून त्याला काही मिळत नसेल तर तो नांगर घालील. आणि शहरातला माणूस लाकूड वापरायचं थोडंच थांबवणार! ब्रह्मदेशानं २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, तर आपल्या वखारी आफ्रिकेच्या, इक्वेडोरच्या सागावर चालल्या. तिथे पण कुणाचं तरी घुबड असेल.”

भाची हे खोडत नाही. तिला ते खोडता येण्यासारखं नाही, आणि ती ओढूनताणून तसा प्रयत्न करत नाही, हे तिचं मला आवडतं. ती एवढंच म्हणते की चंद्रपुरात महामंडळाच्या ताब्यातलं सुमारे २६९ चौरस किलोमीटर जंगल २०२१ मध्ये कन्हारगाव अभयारण्य झालं. ताडोबाकडून तेलंगणातल्या कवल आणि छत्तीसगडमधल्या इंद्रावतीकडे जाणारी वाघांची वाट त्यातून जाते, म्हणून ते व्हायलाच हवं होतं. पण तिथल्या मजुरांची तोडीची रोजी गेली, तिच्या जागी काय, हा प्रश्न अभयारण्याच्या घोषणेतच सुटायला हवा होता. मागाहून सोडवू म्हटलं की तो मागेच राहतो.

“अमेरिकेत हेच झालं,” मामा म्हणतात. हे त्यांनी भाचीकडूनच ऐकलेलं, आता तिच्यावरच वापरतात. “तिकडच्या घुबडासाठी आरा गिरण्या बंद पडल्या ना?”

“स्पॉटेड आउल. १९९०ला त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९९४ला वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी जंगलांसाठी मोठी योजना झाली. तोड एकदम खाली आली. गावंच्या गावं बसली, खरं आहे.”

“आणि घुबड?”

“कमी होतच राहिलं. पूर्वेकडून दुसरी, त्याच्याहून दांडगी जात आली, तिनं त्याला हुसकावलं. पण मामा, त्या योजनेत जी जुनी जंगलं राहिली ती राहिली. ती तोडली असती तर आज त्या घुबडाला भांडायला जागाही नसती. यातून मी एक शिकले. शेवटचं जुनं झाड उरेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम सगळं बंद करायचं, यात माणूसही मरतो आणि पक्षीही. तोड चालू असतानाच म्हातारी झाडं बाजूला काढायला हवीत.”

भारतात आपण दुसऱ्या टोकाने गेलो. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलतोड थांबवली. त्याच खटल्यात १४ फेब्रुवारी २००० रोजी आणखी एक आदेश झाला : राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेलं, वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं झाडसुद्धा काढायचं नाही. तो आदेश ढोलीत राहणाऱ्या प्रत्येक जिवासाठी मोलाचा आहे. पण तो अभयारण्याच्या हद्दीपर्यंतच. हद्दीबाहेर जुना वहिवाटीचा विचार चालतो. वाळकं, वाकडं, पोकळ झाड आधी काढा, त्याच्या खालच्या सरळ रोपाला ऊन मिळू द्या. लाकडाच्या दृष्टीने हा विचार शहाणपणाचाच आहे. अडचण अशी की रानपिंगळा १९९७ साली पुन्हा सापडला तो अभयारण्याच्या हद्दीत नव्हे.

भाचीने एकदा सांगितलेला प्रसंग इथे द्यावासा वाटतो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. नाल्याच्या काठचा साग, शेंडा वाळलेला, दोन पुरुष उंचीवर ढोली. ढोलीच्या तोंडाशी साल झिजून गुळगुळीत झालेली, खाली उंदराच्या हाडांच्या आणि किड्यांच्या पंखांच्या गोळ्या पडलेल्या. पिंगळ्याचा नर एक सरडा घेऊन समोरच्या निष्पर्ण फांदीवर आला, शेपटी दोनदा झटकली, मादीने ढोलीतून डोकं काढून सरडा घेतला. भाची टिपणं लिहीत झाडाजवळ गेली तर छातीइतक्या उंचीवर साल तासून त्यावर नंबर घातलेला. ते झाड तोडीच्या यादीत होतं. पावसाळा संपला की कुपाचं काम सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत चालतं. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. दोन्ही वेळापत्रकं एकावर एक बसतात.

“नंबर घालणाऱ्याला दोष देऊ नकोस,” मामा म्हणाले. “त्याला शिकवलंय तसं त्यानं केलं. शेंडा वाळलेला साग म्हणजे काढायचा साग.”

“दोष देत नाही. मी त्यांच्याशी बोलले, त्यांनी झाड ठेवलं. पण मी तिथे नसते तर?”

आणि मग मामांनी जे सांगितलं त्यामुळे या वादाला माझ्या दृष्टीने वेगळं वळण लागलं. ते म्हणाले, “डेपोत ओंडका घेताना आम्ही काय करतो ते सांगतो. कुऱ्हाडीच्या पाठीनं दोन्ही तोंडांवर ठोकतो, मग अंगावर ठोकत जातो. भरीव साग टणक वाजतो, आवाज हाताला लागतो. पोकळ असला तर आवाज बसतो. बसला की आम्ही भाव निम्म्यावर आणतो, कधी हातच लावत नाही. बोटीला तर तो कवडीच्या उपयोगाचा नाही. बाहेरून कितीही घेर असू दे, आतून गेलेलं लाकूड शेवटी जळतणाच्या बिटातच जातं.”

“म्हणजे पिंगळ्याचं घर विकून सरकारला मिळतं काय?”

“जळतणाचा भाव.”

भाचीने इतकी वर्षं हा प्रश्न पक्ष्याच्या बाजूने मांडला होता. बाजाराच्या बाजूने तो किती सोपा आहे हे तिला वखारवाल्या मामाने दाखवलं. ज्या झाडावरून भांडण आहे, ते झाड लाकडाच्या व्यापाराला मुळात नकोच आहे. ते तोडलं जातं ते पैशासाठी नव्हे, कूप स्वच्छ दिसावा म्हणून, आणि नियमात ‘ठेवा’ असं कुठे ठळक लिहिलेलं नसतं म्हणून.

“मग झालं तर,” मी म्हटलं. “पोकळ झाडं ठेवा, भरीव न्या.”

मामांनी मान हलवली. “एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! आज पोकळ आहेत ती ठेवलीत. ती वीस-तीस वर्षांत पडतील. पुढच्या ढोल्या कशात होणार? आज जो भरीव आहे, सरळ आहे, पाच-सहा फूट घेराचा आहे, त्यातलेच काही ठेवायला लागतील आणि त्यांना म्हातारं होऊ द्यायला लागेल. तो साग मी लिलावात हातचा जाऊ देणार नाही. त्याचे पैसे खरे आहेत. तो ठेवायचा तर तोटा खरा आहे.”

हा खरा प्रश्न आहे, आणि अभयारण्याबाहेरच्या जंगलाबद्दलची आपली सगळी चर्चा याच्या अलीकडे थांबते. भाचीचं म्हणणं असं : खुणा करताना उलटा क्रम लावा. तोडायच्या झाडांना नंबर घालण्याआधी राखायच्या झाडांना पट्टा मारा. हेक्टरी पाच-सहा तरी : दोन पोकळ, दोन वाळू लागलेली, दोन भरीव आणि मोठी. नाल्याकाठची दोन्ही बाजूंची झाडं सोडूनच द्या, ढोल्या आणि सरडे दोन्ही तिथेच जास्त. ज्या कुपात वीण चालू आहे तिथे काम शेवटी घ्या. आणि खुणा करायला गावातला माणूस बरोबर घ्या, कारण कुठल्या ढोलीत पोपट आहे आणि कुठल्या ढोलीत पिंगळा, हे गुराख्याला माहीत असतं.

मला ही मांडणी पटते. यात पिंगळ्याखेरीज धनेश येतो, सुतारपक्षी येतात, पोपट, उदमांजर, आग्या मोहोळापासून वटवाघळापर्यंत जुन्या झाडाच्या आसऱ्याला असलेलं सगळं येतं. यात तोडही चालते. पण मामांनी विचारलेला प्रश्न तसाच राहतो, आणि त्यांनी तो सोडला नाही.

“दोन भरीव झाडं हेक्टरी. शंभर हेक्टरच्या कुपात दोनशे. त्यांचे पैसे कोण देणार? सहकारी संस्थेच्या वाट्यातून कापलेस तर त्या झाडाचा पहिला शत्रू तोच माणूस होईल.”

“मुंबईनं द्यावेत,” भाची म्हणाली. “तानसाचं पाणी सव्वाशेहून जास्त वर्षं पिते आहे. त्या जंगलानं धरून ठेवलेलं पाणी आपल्या नळाला येतं. पाण्याच्या बिलात चार पैसे वाढवले तर दांड्याला काय जड जाणार आहे?”

“दांड्याला जड जाणार नाही. पण बिलात गेलेला पैसा शहापूरच्या पाड्यावर पोचेल याची हमी मी देणार नाही.”

“मग कसा पोचवायचा?”

“झाडावर द्यायचा. दर वर्षी दिवाळीनंतर मोजणी. पट्ट्याचं झाड उभं असेल तर त्या पाड्याच्या संस्थेला ठरलेली रक्कम. नसेल तर नाही. कागद, अहवाल काही नको. झाड दाखव, पैसे घे.”

“वादळात पडलं तर? वीज पडून जळलं तर?”

“पडलेल्याचे पण पैसे द्यायचे, तिथेच पडलेलं ठेवलं असेल तर. तुझे सरडे त्यात राहतील. फक्त कुऱ्हाडीनं पडलेल्याचे द्यायचे नाहीत.”

“आणि वाऱ्यानं पडलं की कुऱ्हाडीनं, ते कोण ठरवणार? लोक अर्धा बुंधा कापून वाऱ्यावर सोडतील.”

“बुंध्याजवळ मला उभं कर, मी सांगतो,” मामा म्हणाले. “वाऱ्यानं मोडलेल्या सागाचे तंतू लांब ओढले जातात, कापलेल्याची कड चोख असते. अर्धा कापून सोडला तर अर्धी कड चोख राहते, ती लपत नाही. आणि मी कशाला हवा? त्या पाड्यावर कुपात राबलेले म्हातारे असतील. त्यांना मोजणीवर घ्या, रोज द्या. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

भाचीने वही काढून ते लिहून घेतलं. मग तिने विचारलं की राखलेल्या झाडाला पट्टा कुठल्या रंगाचा मारायचा, कारण तोडीचा नंबर आणि राखणीचा पट्टा लांबून वेगळे ओळखू यायला हवेत. त्यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.